विषय आणि पार्श्वभूमी : संग्रामपूर तालुक्यातील हिवाळी निसर्गछायाचित्रणाचे विवेचन

छायाचित्रातील 'विषय' म्हणजे ज्या वस्तूवर पाहणाऱ्याची दृष्टी स्थिरावी असे छायाचित्रकाराने ठरवले आहे ती वस्तू. चौकटीत उरलेले सर्व म्हणजे 'पार्श्वभूमी'. ती विषयाच्या मागेच असते असे नाही. पुढची फांदी किंवा बाजूचे गवत हीदेखील या अर्थाने पार्श्वभूमीच होय. प्रत्यक्ष निसर्गात या दोहोंचा भेद विनासायास होतो. दोन डोळ्यांमुळे खोलीचे ज्ञान होते, प्राणी हलतो, त्याचा आवाज येतो आणि पाहणाऱ्यास मान हलवून आडोशापलीकडे पाहता येते. छायाचित्रात ही चारही साधने लुप्त होतात. सपाट पृष्ठभागावर भेद घडवणारी कारणे तीनच राहतात : रंग, दीप्तिभेद आणि फोकस.

आकार आणि रेषा यांची गणना येथे का केली नाही, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर असे की, आकार कळण्यासाठी त्याची कड दिसावी लागते, आणि कड दिसते ती तिच्या दोन्ही बाजूंचा रंग वेगळा असेल, दीप्ती वेगळी असेल किंवा एक बाजू रेखीव व दुसरी विरलेली असेल तेव्हाच. म्हणजे आकार हे कार्य आहे. कारणे वरील तीनच.

आता या तिन्हींची व्याख्या. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली रंगाचे तीन घटक पाडले : छटा (तांबडा, पिवळा, निळा इत्यादी), दीप्ती (उजळपणा किंवा काळोखीपणा) आणि शुद्धता (करडेपणापासूनचे अंतर). यांतील दीप्ती हे स्वतंत्र कारण म्हणून वेगळे काढले असल्याने या विवेचनात 'रंग' या शब्दाने छटा आणि शुद्धता हे दोनच घटक अभिप्रेत आहेत. 'दीप्तिभेद' म्हणजे चित्रातील दोन भागांच्या उजळपणातील अंतर. छायाचित्रकार व्यवहारात त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो द्विविध आहे. संपूर्ण चौकटीतील सर्वांत उजळ व सर्वांत काळोख्या भागांमधील अंतर हा समग्र दीप्तिभेद. परस्परांना लागून असलेल्या दोन बिंदूंमधील अंतर हा स्थानिक दीप्तिभेद. पानाची शीर, पिसाची कड, खोडाची साल ही स्थानिक भेदाची उदाहरणे. 'फोकस' म्हणजे लेन्सने एका विशिष्ट अंतरावरील प्रतलाला दिलेली रेखीवता. त्या प्रतलाच्या पुढेमागे जेवढ्या पट्ट्यात ही रेखीवता डोळ्यांस पुरेशी वाटते, ती स्पष्टतेची खोली.

ही तीन कारणे परस्परनिरपेक्ष नाहीत. स्वयंचलित फोकसची यंत्रणा सहसा स्थानिक दीप्तिभेदाच्या आधारेच चालते. कोऱ्या भिंतीवर किंवा दाट धुक्यावर रोखलेली लेन्स पुढेमागे चाचपडत राहते ती त्यामुळेच. उलट दिशेने पाहता, फोकस ढळला की लगतचे बिंदू एकमेकांत मिसळतात, आणि त्याबरोबर स्थानिक दीप्तिभेद नष्ट होऊन बारीक रंगही सरासरीत विरतात. रंगाची शुद्धता पुन्हा दीप्तीवर अवलंबून असते, कारण अतिप्रकाशात प्रत्येक छटा पांढऱ्याकडे आणि अतिकाळोखात काळ्याकडे सरकते. तात्पर्य, दीप्तिभेद हा पाया, रंग हा त्यावर अवलंबून असणारा गुण आणि फोकस ही त्या पायावर केलेली निवड, असा क्रम सिद्ध होतो.

येथून या विवेचनाचे मुख्य प्रतिपाद्य निघते. विषय वेगळा होण्यास एक कारण पुरेसे असेल, तर उरलेली दोन त्याच वेळी जोराने वापरणे व्यर्थ आहे आणि बहुधा घातकही, कारण तीन प्रबळ भेद क्वचितच एकाच वस्तूकडे बोट दाखवतात. निळा पक्षी, त्यामागे लखलखते पाणी आणि पुढे धारदार काटेरी फांदी अशा चौकटीत रंग पक्ष्याकडे, दीप्तिभेद पाण्याकडे आणि फोकस फांदीकडे दृष्टी खेचतो. म्हणून प्रत्येक चित्रात एक कारण प्रधान आणि दोन गौण असावीत. प्रधान कोणते, हे छायाचित्रकाराच्या आवडीवर कमी आणि स्थळ, ऋतू व प्रकाशाची दिशा यांवर अधिक अवलंबून असते. संग्रामपूर तालुका या परीक्षणास सोयीचा आहे, कारण तेथे भूमीची रचनाच या तीन कारणांची विभागणी करून देते.

बुलढाणा जिल्ह्याच्या ईशान्येस असलेल्या या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी उभी आहे आणि दक्षिणेला पूर्णा नदीचे गाळाचे मैदान पसरले आहे. डोंगराची कड दक्षिणाभिमुख आणि चढती; मैदान जवळजवळ सपाट, काळ्या मातीचे आणि पूर्णेकडे जाताना खारपाणपट्ट्यात मोडणारे. सातपुड्यातून उतरणारी वान नदी या दोहोंना जोडते. डोंगरातील वनभाग म्हणजे अंबाबरवा अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेले, सुमारे १२७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

तालुक्याचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. यावरून हिवाळी प्रकाशाचे गणित मांडता येते. दक्षिणायनाच्या अखेरीस, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे साडेतेवीस अंश दक्षिणेस असतो. म्हणून संग्रामपूरला माध्यान्हीची त्याची उंची क्षितिजापासून केवळ साडेपंचेचाळीस अंश भरते. भर दुपारी वस्तूची सावली जवळजवळ वस्तूएवढीच लांब असते. सूर्य पूर्वेला न उगवता पूर्वेच्या पंचवीस अंश दक्षिणेस उगवतो आणि तेवढाच दक्षिणेकडे कलून मावळतो. सूर्योदय सातच्या किंचित आधी, सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. मध्ये पावणेअकरा तासांहून थोडा अधिक दिवस. सूर्य दहा अंश वर येण्यास सुमारे ५० मिनिटे आणि वीस अंश येण्यास पावणेदोन तासांच्या जवळपास वेळ लागतो. छायाचित्रणाला अनुकूल असा तिरपा प्रकाश उन्हाळ्यापेक्षा अधिक काळ टिकतो, ही या गणिताची पहिली निष्पत्ती.

दुसरी निष्पत्ती अधिक महत्त्वाची आहे. सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अर्धगोलातच फिरत असल्याने, मैदानात उभे राहून उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या तो सदैव पाठीशी असतो : सकाळी उजव्या खांद्यामागे, दुपारी थेट पाठीवर, सायंकाळी डाव्या खांद्यामागे. तोच मनुष्य दक्षिणेकडे वळला की सूर्य सदैव समोर येतो. जूनमध्ये ही स्थिती राहत नाही. तेव्हा सूर्य ईशान्येस उगवतो, माध्यान्ही माथ्याच्याही किंचित उत्तरेस जातो आणि सकाळी डोंगराची हीच कड स्वतःच्या सावलीत असते. यावरून संग्रामपूरच्या हिवाळी चित्रांचे तीन वर्ग पडतात : (१) उत्तराभिमुख चित्र, ज्यात प्रकाश विषयावर समोरून किंवा बाजूने पडतो, (२) दक्षिणाभिमुख चित्र, ज्यात प्रकाश विषयाच्या मागून येतो, (३) वनांतर्गत चित्र, ज्यात फांद्यांनी प्रकाशाचे तुकडे केल्यामुळे निश्चित दिशा उरत नाही. पहिल्यात रंग, दुसऱ्यात दीप्तिभेद आणि तिसऱ्यात फोकस हे प्रधान कारण ठरते. प्रत्येकाची उपपत्ती क्रमाने पाहू.

उत्तराभिमुख चित्रात रंग प्रधान का? समोरून पडणाऱ्या प्रकाशात सावल्या वस्तूच्या मागे लपतात, त्यामुळे दीप्तिभेद घटतो. आणि पृष्ठभागाला पुरेसा प्रकाश मिळाल्यामुळे छटा शुद्ध स्वरूपात परत येते. एक कारण दुबळे झाले आणि दुसरे बळावले. मात्र हिवाळ्यातील वऱ्हाडात रंगाचे भांडवल मर्यादित असते. वाळलेले गवत, तुरीचे पिकते शेत, सागाची करपती पाने हे सर्व पिवळा ते तपकिरी या अरुंद पट्ट्यात बसते. ही मर्यादा दोष मानून संगणकावर सर्व रंगांची शुद्धता एकसारखी वाढवण्याची प्रथा पडली आहे. ती तर्कदुष्ट आहे. सर्वच छटा सारख्या प्रमाणात तीव्र केल्या, तर त्यांच्यातील अंतराने विषय वेगळा होण्याऐवजी पार्श्वभूमीच अधिक बोलू लागते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल याने गोबलँ येथील रंगशाळेत काम करताना केलेल्या निरीक्षणांवरून १८३९ साली सहवर्ती विरोधाचा नियम मांडला : दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला स्वतःच्या विरुद्ध छटेकडे ढकलतो. निष्प्रभ पिवळ्या विस्तारात ठेवलेला लहानसा निळा ठिपका असतो त्याहून अधिक निळा भासतो. म्हणून रंगदारिद्र्य ही येथे अनुकूल स्थिती ठरते. तारेवर किंवा धुऱ्यावरच्या खुंटावर बसलेला नीलपंख मातकट दिसतो. पंख उघडताच त्यातील दोन निळ्या छटा प्रकटतात. म्हणजे या विषयात रंग हा काळाशी बांधलेला गुण आहे. उड्डाणाच्या आरंभीचा क्षण साधायचा, तर पार्श्वभूमी म्हणून वाळलेल्या गवताचा एकसंध पट्टा आधीच निवडून ठेवावा लागतो. पक्षी उडाल्यावर निवडीस अवसर नसतो. डोंगराच्या पायथ्याकडील संत्र्याच्या बागेत हाच नियम उलट बाजूने लागू होतो. गर्द हिरवी पाने सावलीत ठेवून एकाच फळावर ऊन पडू द्यावे. दहा फळांवर ऊन पडले, तर रंग मुबलक होतो आणि विषय उरत नाही.

रंगाचा आणखी एक प्रकार स्वतंत्र विचारास पात्र आहे : प्रकाशाचाच रंग. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून दीर्घ मार्ग काटावा लागतो. रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळजवळ सहापट विखुरला जातो. थेट येणारे ऊन पिवळे-नारिंगी होते. सावलीत मात्र आकाशातून विखुरलेला निळा प्रकाशच पोचतो. सकाळी गाविलगडाच्या कडेवर बाजूने ऊन पडते तेव्हा प्रत्येक सोंड नारिंगी आणि प्रत्येक घळ निळसर असते. ही उष्ण-शीत जोडी एकाच खडकावर, एकाच क्षणी उपलब्ध असते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ती तटस्थ करण्याचा प्रयत्न करतो, कारण त्याचे कार्यच तसे योजलेले आहे. म्हणून या वेळी तो दिवसाच्या उन्हाला अनुरूप अशा स्थिर मूल्यावर, सुमारे ५,२०० ते ५,५०० केल्विनवर, ठेवणे इष्ट. साडेअकरानंतर कडेवर ऊन समोरून पडू लागते, घळींच्या सावल्या भरतात आणि डोंगर एका रंगाच्या पडद्यासारखा दिसतो. त्या वेळी डोंगर हा विषय न राहता पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडतो.

दक्षिणाभिमुख चित्राचे तत्त्व निराळे आहे. सूर्य समोर असता वस्तूची आपल्याकडील बाजू सावलीत जाते, छटा मंदावतात आणि कडा उजळतात. रंग गौण होऊन दीप्तिभेद प्रधान होतो. पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडांचे तंतू, तुरीच्या शेंगांवरील लव, गव्हाच्या ओंब्यांचे कुसळ यांना अशा प्रकाशात तेजस्वी किनार लाभते, आणि पार्श्वभूमी म्हणून सावलीतील काळी माती मिळाली की भेद पूर्ण होतो.

काळी माती आणि पांढरा कापूस ही जोडी एक्स्पोजरच्या विचारात विशेष स्थान मागते. हिवाळी छायाचित्रणाचे प्रचलित नियम बहुतांशी हिमप्रदेशांत घडले आहेत. तेथे चौकटीचा मोठा भाग पांढरा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या दीप्तीचे आहे असे गृहीत धरत असल्याने तो बर्फ करडा करतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) वाढवण्याचा उपदेश केला जातो. संग्रामपूरच्या रानात चौकटीचा मोठा भाग काळा असतो आणि पांढरा भाग लहान. मापक काळ्या मातीला करडी करू पाहतो, एक्स्पोजर वाढवतो आणि बोंडातील तंतूंची रचना जळून जाते. येथे सरासरी मापनावर भरपाई उणे करावी लागते. अधिक निर्दोष पद्धत म्हणजे बिंदुमापन थेट कापसावर घेऊन त्यात दीड ते दोन स्टॉप मिळवणे. छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास विकसित केलेल्या झोन पद्धतीचे सार हेच आहे : दृश्यातील एका भागाची दीप्ती चित्रात कोठे बसावी हे आधी ठरवावे आणि इतर भागांचे स्थान त्यावरून काढावे. कापूस मातीच्या दहापट प्रकाश परावर्तित करतो आणि सावलीत उन्हाच्या आठव्या हिश्श्याएवढा प्रकाश असतो, असे धरल्यास उन्हातील कापूस व सावलीतील माती यांचे गुणोत्तर ऐंशीस एक होते. म्हणजे सहा स्टॉपहून थोडे अधिक. आजच्या कॅमेऱ्याच्या मूळ, अप्रक्रियित फाइलमध्ये हे अंतर सहज मावते. तेव्हा येथील अडचण यंत्राच्या क्षमतेची नसून निर्णयाची आहे.

दीप्तिभेदाचे सर्वांत सूक्ष्म रूप धुक्यात दिसते, आणि या तालुक्याच्या हिवाळ्यात विवेचनास त्याहून समृद्ध विषय नाही. निरभ्र, निर्वात रात्री जमीन उष्णता उत्सर्जित करून थंड होते. तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड पडते. डोंगरउतारावरील थंड, जड हवाही मैदानाकडे घसरते. तापमानाचा हा उलटा क्रम स्थिर असतो, कारण जड थर खाली आणि हलका वर. चुलींचा व शेकोट्यांचा धूर काही उंचीपर्यंत चढून आडवा पसरतो तो याच कारणाने. हवेत ओलावा पुरेसा असेल, विशेषतः नदीकाठी आणि ओलिताच्या शेतांवर, तर याच थरात धुके धरते.

धुक्याची मोजणी दृश्यतेने होते. १,००० मीटरपेक्षा कमी दृश्यता असेल तर हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कॉश्मीडर याने १९२४ साली दाखवले की क्षितिजावरील काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला दीप्तिभेद अंतराबरोबर घातांकी रीतीने घटतो. दीप्तिभेद मूळच्या दोन टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी झाली असे मानण्याचा संकेत आहे. यावरून दृश्यता बरोबर १,००० मीटर असता १०० मीटरवरील झाडाचा दीप्तिभेद सुमारे ६८ टक्के, २५० मीटरवरील झाडाचा ३८ टक्के आणि ५०० मीटरवरील झाडाचा केवळ १४ टक्के उरतो. ही संख्यामालिका म्हणजेच चित्राची खोली. धुऱ्याने ओळीत उभी असलेली बाभूळ आणि कडुनिंब यांची झाडे एकसारखी काळी असली, तरी चित्रात ती क्रमाने फिकट होत जातात, आणि दोन डोळ्यांच्या अभावी गमावलेले अंतराचे ज्ञान पाहणाऱ्यास परत मिळते. धुके हा अडथळा असल्याचा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः सपाट मैदानात खोली दाखवण्याचे याहून समर्थ साधन नाही.

या गणितातून तीन नियम निष्पन्न होतात. एक, विषय दृश्यतेच्या पहिल्या दशांशात असावा. त्यापलीकडे तो पार्श्वभूमीच्या पातळीवर उतरू लागतो. दोन, विषय आणि त्यामागील पहिली वस्तू यांच्यातील अंतर हे विषय आणि कॅमेरा यांच्यातील अंतरापेक्षा मोठे असावे, अन्यथा दोहोंच्या फिकटपणात पुरेसा फरक पडत नाही. तीन, धुक्यात स्वयंचलित फोकसवर विसंबू नये; विषयाच्या बुंध्याची कड शोधून तेथे तो बसवावा आणि लगेच हाताच्या नियंत्रणावर न्यावा. संगणकावर धुके काढून टाकण्याची जी सुविधा आता मिळते, ती वापरण्याने वरील संख्यामालिकाच मोडते. ज्याला धुके नको आहे त्याने दहा वाजता यावे.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने सर्व छटा जवळपास सारख्याच विखुरतात. म्हणून धुके पांढरे किंवा करडे असते आणि त्यात रंगाची शुद्धता शिल्लक राहत नाही. अपवाद सूर्योदयानंतरच्या अल्प काळाचा. दक्षिणाभिमुख चित्रात सूर्य धुक्याच्या मागे असता तेच थेंब त्याचा नारिंगी प्रकाश पुढे फेकतात आणि सारी पार्श्वभूमी एका छटेची होते. रंग येथे असतो. पण तो कोणत्याही वस्तूला दुसरीपासून वेगळी करत नाही, म्हणून व्याख्येनुसार भेदकारण नव्हे.

पाण्याविषयी थोडक्यात. वान आणि पूर्णेच्या पात्रातील संथ डोहांवर हिवाळ्यात धोबी, चक्रवाक यांसारखे पाहुणे पक्षी येतात. शेजारच्या वाळूपेक्षा पाण्याची दीप्ती आकाशावर अधिक अवलंबून असते. उत्तराभिमुख उभे राहिल्यास पाणी निळे व पक्षी उजळ, दक्षिणाभिमुख उभे राहिल्यास पाणी पांढरे व पक्षी काळा. या दोन दिशांच्या चित्रांविषयीचे आधीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात.

तिसरा वर्ग वनांतर्गत चित्रांचा. अंबाबरव्याचे वन शुष्क पानझडी जातीचे असून साग हा त्यातील प्रमुख वृक्ष. त्याबरोबर सालई, धावडा, तेंदू, मोह इत्यादी. सागाची पानगळ हिवाळ्याच्या उत्तरार्धात जोर धरते. तोवर झाडावर तपकिरी पाने, जमिनीवर तपकिरी पाने आणि त्यांतून उन्हाचे तुकडे अशी स्थिती असते. रंग एकसारखा, म्हणून भेद करण्यास असमर्थ. दीप्तिभेद विपुल, पण विखुरलेला. तो विषयाशी संबंध न ठेवता सर्वत्र ठिपके टाकतो. दोन कारणे अशी बाद झाल्यावर उरलेले तिसरे आपोआप प्रधान ठरते.

याचे नमुनेदार उदाहरण रानपिंगळा. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम याने १८७३ साली वर्णन केलेला हा लहान घुबडवर्गीय पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर शतकाहून अधिक काळ निश्चितपणे आढळला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहादा भागात तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे स्पष्ट झाले. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि त्याची पाठ व डोके करड्या-तपकिरी रंगाचे, जवळजवळ ठिपकेविरहित असते. म्हणजे दिसण्यास सोपा, पण चित्रात वेगळा काढण्यास कठीण. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स, ५.६ ॲपर्चर आणि २० मीटर अंतर घेतल्यास पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली सुमारे ८४ सेंटिमीटर येते. पक्ष्यापासून दोन मीटर मागे असलेली फांदी विरघळू लागते. पाच मीटर मागचा सागाचा पसारा एकजीव तपकिरी पडदा होतो. अंतर निम्मे, म्हणजे १० मीटर, केले तर खोली चतुर्थांश, म्हणजे २१ सेंटिमीटर, होते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गणित जवळ जाण्याचा सल्ला देते. पण या पक्ष्याचा विणीचा काळ हिवाळ्यावरच येत असल्याने तो सल्ला मानू नये. त्याऐवजी एक-दोन पावले बाजूला सरकून पक्ष्यामागे दूरची दरी किंवा उतार येईल अशी रेषा शोधावी. पार्श्वभूमी जितकी दूर, तितकी ती विरल, आणि यासाठी पक्ष्याच्या जवळ जावे लागत नाही. ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला जवळ बोलावणे हा छायाचित्रणाचा भागच नव्हे.

या वनात एका वृक्षाने वरील नियमाला अपवाद केला आहे : कांडोळ, ज्याला पांढरूख असेही म्हणतात. त्याचे खोड गुळगुळीत, पांढरट आणि कागदासारखी साल सोडणारे; हिवाळ्यात तो पूर्णपणे निष्पर्ण असतो. तपकिरी वनात त्याचा दीप्तिभेद स्वयंसिद्ध असल्याने स्पष्टतेची खोली मोठी ठेवली तरी तो हरवत नाही. उलट खोली मोठी ठेवणेच योग्य, कारण मागील वनाच्या तपशिलामुळेच त्याचा पांढरेपणा अर्थपूर्ण होतो. ५० मिलिमीटर लेन्स, ८ ॲपर्चर घेऊन फोकस साडेदहा मीटरवर ठेवल्यास सव्वापाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही रेखीव येते. त्याच्या खोडावर ऊन थेट पडत असेल तेव्हा कापसाविषयीचा मापनाचा नियम लागू करावा. सावलीत ते आकाशाचा निळेपणा घेते, आणि तो काढून टाकण्याचे कारण नाही.

फोकसचा दुसरा टोकाचा प्रसंग मैदानातच, हरभऱ्याच्या शेतात येतो. हरभऱ्याच्या पानांवरील ग्रंथियुक्त केसांतून आंबट स्राव पाझरतो आणि पहाटेचे दव त्यात मिसळते. पिकावर रात्रभर कापड पसरून ही आंब गोळा करण्याची जुनी रीत आहे. एका केसावरील एका थेंबाचे मूळ आकाराएवढे चित्र, ८ ॲपर्चरला, घेतल्यास स्पष्टतेची खोली सुमारे एक मिलिमीटर भरते. थेंबाची पुढची बाजू रेखीव आणि केसाचे मूळ धूसर, अशी स्थिती. येथे फोकस कोठे ठेवावा हा प्रश्न दुसऱ्या प्रश्नात बदलतो : विषय थेंब आहे, की थेंबात उलटी दिसणारी प्रतिमा? प्रतिमा थेंबाच्या पृष्ठभागावर नसते, किंचित वेगळ्या प्रतलावर असते. दोन्ही एकदम साधत नाहीत. विषयाची व्याख्या या विवेचनाच्या आरंभीच केली ती अशाच प्रसंगांसाठी.

ऋतूच्या गतीनुसार या सर्व व्यवस्थेत बदल होतो, आणि त्याच्या तीन अवस्था आहेत. पहिली मार्गशीर्षाची : पिकांत हिरवेपणा शिल्लक, हवेत ओलावा, कापसाची वेचणी चालू, रंग आणि दीप्तिभेद समबल असल्याने निर्णय सर्वांत कठीण. दुसरी पौषाची : सूर्य सर्वांत खाली, धुके व दव यांचा संभव अधिक, आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः हिलाच अनुलक्षून आहे. तिसरी माघ-फाल्गुनाची : काटेसावर फुलते आणि शेवटी पळस. वन निष्पर्ण झाल्यामुळे फांद्यांमागे आकाश उघडे पडते, आणि नारिंगी-तांबड्या पाकळ्यांना निळी पार्श्वभूमी लाभते. वनांतर्गत चित्रातही आता रंग प्रधान होतो. फोकसचे प्राधान्य संपते. पळसाच्या पुष्पकोशाचा काळा मखमली रंग प्रकाशमापकाला फसवतो आणि तांबडा रंग सर्वांत आधी जळतो. म्हणून एक्स्पोजर पाहताना एकत्रित आलेखावर न विसंबता तांबड्या रंगाचा स्वतंत्र आलेख तपासावा लागतो.

याच तिसऱ्या अवस्थेत एक नवी मर्यादा उद्भवते. २० फेब्रुवारीच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य ५८ अंशांवर पोचलेला असतो, काळी माती झपाट्याने तापते आणि तिच्यावरील हवेचे तप्त-शीत पदर हलू लागतात. दीर्घ नाभीय अंतराच्या लेन्समधून पाहता दूरच्या पक्ष्याची कड लहरते. ही धूसरता फोकसची नाही, म्हणून फोकस बदलून ती जात नाही. शटरचा वेग वाढवल्यास लहर गोठते, पण वाकलेली कड वाकलेलीच राहते. थंड सकाळी वाहनाची काच खाली करून आतूनच लेन्स रोखली असता हाच दोष उत्पन्न होतो, कारण आतली उबदार हवा लेन्ससमोरून बाहेर पडत असते. त्यावर उपाय म्हणजे दहा-पंधरा मिनिटे सर्व काचा उघड्या ठेवून थांबणे. शेतावरील लहरींना असा उपाय नाही. अंतर कमी करता येत असेल तर करावे, उंच बांधावरून दृष्टिरेषा जमिनीपासून वर घ्यावी, आणि दोन्ही शक्य नसल्यास त्या पक्ष्याचे चित्र दुसऱ्या दिवशी सूर्य वीस अंश वर येण्यापूर्वी घ्यावे.